रत्नागिरीची पहिली भेट: दोन दिवस कसे आखावेत?

प्रश्न: कुटुंबासह प्रथमच रत्नागिरीला जायचे आहे. काय पाहावे, कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: रत्नागिरीचे रेल्वेस्थानक शहरापासून दूर, कुवारबावकडे आहे, तेथून रिक्षा किंवा एसटीने शहरात यावे लागते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून घ्यावी.

पहिला दिवस शहरासाठी पुरेसा आहे. टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान, १९३१ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा ही ठिकाणे जवळजवळ आहेत. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि १९१६ मध्ये येथेच वारला. राजवाडा घाईने पाहू नये. एका राजघराण्याच्या हद्दपारीची इतकी ठळक खूण महाराष्ट्रात दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे गाठावे. खरी सावधगिरी येथेच हवी. गणपतीपुळ्याचा समुद्र शांत भासला तरी पोहण्यास धोकादायक आहे. तेथे अनेकांचे बळी गेले आहेत. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. ओहोटीत पाणी आत ओढते, म्हणून तेव्हाही गुडघ्यापुढे जाऊ नये. स्थानिक कोळी किंवा जीवरक्षक नको म्हणाले, तर पाण्यात उतरूच नये.

हापूससाठी एप्रिल-मे योग्य. जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने ताजी मासळी कमी मिळते.