मापनपट्टीवरील शून्य : एक विचार

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा एक शिलालेख आहे. देवाला फुले पुरविणाऱ्या बागेची लांबी २७० हात असल्याची नोंद त्यात असून त्या अंकातील शून्य लहानशा वर्तुळाने दर्शविले आहे. ‘या स्थानी काही नाही’ हा त्या शून्याचा अर्थ. मापनपट्टीवरील शून्याचा अर्थ मात्र निराळा असतो. तेथे शून्य म्हणजे अभाव नव्हे, तर मोजणीस आरंभ करण्यासाठी माणसाने ठरविलेली रेषा होय.

उष्णतामापकाचा दाखला

स्वीडनमधील शास्त्रज्ञ सेल्सियस यांनी १७४२ साली आपली मापनश्रेणी मांडली, तेव्हा पाणी उकळण्याच्या बिंदूस शून्य व गोठण्याच्या बिंदूस शंभर अंश मानले होते. पुढे हा क्रम उलटा करण्यात आला. शून्य बदलले, पाणी तेच राहिले. फॅरनहाइट श्रेणीत तर पाणी ३२ अंशांवर गोठते. म्हणूनच ४० अंश सेल्सियस हे तापमान २० अंशांच्या दुप्पट आहे, असे म्हणता येत नाही. दोहोंमधील अंतर २० अंशांचे आहे, एवढेच म्हणता येते.

नदीकाठचे शून्य

कृष्णा व पंचगंगेच्या काठी हा विषय केवळ पाठ्यपुस्तकाचा राहत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरनजीक राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या याच पातळ्या अनुक्रमे ३९ व ४३ फूट आहेत. ‘पाणी ४३ फूट’ हे वृत्त राजाराम बंधाऱ्यावर धोक्याचे ठरते. आयर्विन पुलाजवळ तोच आकडा धोका पातळीच्या दोन फूट खाली असतो. आकडा एकच, परंतु दोन्ही पट्ट्यांचे शून्य वेगळे.

अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे. याचा अर्थ तेथे पाचशे मीटर खोल पाणी आहे, असा नव्हे. धरणाची उंचीच सुमारे ५२ मीटर आहे. हा आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला आहे. समुद्राचे पाणीही स्थिर नसते. म्हणून १९०९ साली देशाच्या उंचीमापनासाठी मुंबई व कारवार यांसह नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून सरासरी समुद्रसपाटी ठरविण्यात आली.

दोन ठिकाणच्या पातळ्यांची तुलना करावयाची असल्यास प्रत्येक पट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे माहीत असावे लागते. समजा, एका गावच्या पट्टीचे शून्य ५३० मीटरवर व दुसऱ्या गावचे ५२८ मीटरवर आहे. पहिल्या पट्टीवर ६ मीटर व दुसरीवर ७ मीटर पाणी दिसते. नुसते आकडे पाहता दुसऱ्या गावी पाणी अधिक उंच वाटेल. वस्तुतः पहिल्या गावी पाण्याचा पृष्ठभाग ५३६ मीटरवर, तर दुसऱ्या गावी ५३५ मीटरवर आहे.

गावाने काय करावे?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा वेळी परगावच्या आकड्यावर विसंबून राहणे अथवा त्याने घाबरून जाणे, दोन्ही घातकच. आपल्या गावास लागू असलेल्या पट्टीवर कोणता आकडा असताना पाणी रस्त्यावर येते, कोणत्या आकड्यास शाळेची पायरी बुडते, याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी व ती चावडीवर ठळकपणे लावावी. पातळी कळविताना ठिकाण, वेळ आणि ती स्थानिक पट्टीवरील आहे की समुद्रसपाटीपासूनची, हे अधिकाऱ्यांनी अवश्य नमूद करावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पावसाळाभर पट्टीचे वाचन करून घेतल्यास गणिताचा पाठ व गावाची सेवा, ही दोन्ही कार्ये साधतील.

कोणताही आकडा ऐकताच ‘हा कोठून मोजला?’ असे विचारण्याची सवय लागली, तर वेळेवर घर सोडण्याचा निर्णय घेणे पुष्कळ सुकर होईल.