नाताळच्या झाडाची निगा जानेवारीत

नाताळचं प्लास्टिकचं झाड डिसेंबरात खराब होत नाही. ते खराब होतं जून ते सप्टेंबरात, माळ्यावर, बंद खोक्यात. वसईसारख्या खाडीकाठच्या गावात तर पावसाळाभर दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत, तिथे त्या खोक्याचं काय होत असेल!

मागे एका नाताळला आमचं झाड खाली काढलं, तेव्हा पुठ्ठाच हाताला मऊ लागला. फांद्या उलगडल्या तर बुडाशी, जिथे तार गुंडाळलेली असते तिथे, राखाडी बुरशी धरलेली. घाईत ती कुणाच्या नजरेत आली नाही. झाड बैठकीत उभं राहिलं आणि त्याच रात्री माझ्या पुतण्याला धाप लागली. मुलाला दमा आहे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, घरात जुनंपानं काही काढलंत का? झाड ओटीवर गेलं. फांद्या नीट पाहिल्या त्या दुसऱ्या दिवशी.

तेव्हापासून झाडाची सगळी निगा आम्ही ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर लगेच करतो. हे दिवस त्यासाठी उत्तम, कारण हवा कोरडी असते. आधी दिव्यांच्या माळा आणि शोभेच्या वस्तू उतरवायच्या. मग अंगणात सुती फडक्याने किंवा मऊ ब्रशने, बुंध्याकडून टोकाकडे, धूळ झाडायची. तोंडाला फडकं बांधायचं आणि दम्याच्या माणसाला लांब ठेवायचं. चिकट काळपटपणा असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, त्यात पिळलेलं फडकं. ब्लीच नको, रंग उडतो. बर्फाचा पांढरा थर दिलेलं झाड मात्र ओलं करूच नये, थर सुटून येतो.

खरी मेहनत वाळवण्यात आहे. पात्या हाताला कोरड्या लागतात, पण फांदी जिथे दांड्याला बिजागरीने जोडलेली असते तिथे पाणी दडून राहतं. तिथूनच गंज चढतो आणि पुढच्या वर्षी फांदी हलत नाही. म्हणून फांद्या पूर्ण उघड्या ठेवून दोन दिवस सावलीत, पंख्याखाली वाळवायच्या. उन्हात नको, पात्या फिकट आणि ठिसूळ होतात. लोखंडी दांड्याचे तुकडे सोडवून आतूनही कोरडे करायचे आणि सांध्यांना शिवणयंत्राचं तेल बोटाने चोळायचं. पुठ्ठ्याचं खोकं फेकून द्यावं. ते ओल धरतं आणि कसरीला खाद्य होतं. घट्ट झाकणाचं प्लास्टिकचं पिंप बरं, आत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाकून. डांबरगोळ्या मुळीच नकोत. त्यांच्या वाफेने थर्माकोलच्या चांदण्या विरघळून चिकट होतात.

दिव्यांच्या माळा वेगळ्या डब्यात. आमच्या माळेची वायर उंदराने कुरतडली होती, आतली तांब्याची तार उघडी पडलेली. झाडाच्या फांद्यांत लोखंडी तार असते, दांडाही लोखंडी. उघडी वायर टेकली तर सगळ्या झाडात वीज उतरू शकते, आणि झाडाला सर्वात जास्त हात लावतात ती लहान मुलं. म्हणून माळ झाडावर चढवण्याआधी दिवसाच्या उजेडात वीतवीत तपासावी. टेप लावून चालवू नये.

पात बोटांत वाकवली आणि कडकन तुटली, तर झाड संपलं. पीव्हीसी टिकावं म्हणून पूर्वी त्यात शिशाचे क्षार मिसळत, त्यामुळे चुरा पडणारं जुनं झाड घरात ठेवण्यात अर्थ नाही. ते जाळू मात्र नका. ३१ डिसेंबरला पोरं जाळण्यासाठी सरत्या वर्षाचा म्हातारा बांधतात, तेव्हा पेंढ्यासोबत घरातलं अडगळीचं सामानही त्यात भरतात. पीव्हीसी जळलं की आम्लाची वाफ आणि विषारी धूर निघतो आणि भोवती उभी असलेली मुलं तो छातीत ओढतात. म्हातारा पेंढ्याचाच असू द्या. झाड सुक्या कचऱ्यात द्या.