मुलांना कोलांटी शिकविताना



या पानावर आपण लागण, खोडवा, खते यांविषयी नेहमी बोलतो. या वेळचा विषय निराळा आहे, पण आपल्याच रानातला आहे. गळीत हंगाम सुरू झाला की तोडलेल्या फडात पाचटाचे ढीग पडतात आणि आपली व तोडणी कामगारांची मुले त्यावर कोलांट्या मारतात. पोरांनी खेळू नये असे म्हणणे नाही. उलट कोलांटी प्रत्येक मुलाला यावी. खो-खोत सूर मारताना, कबड्डीत पडताना, कुस्तीत उलटताना अंग गोल करता आले तर मार कमी लागतो. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्रिपुराच्या दीपा कर्माकर व्हॉल्ट प्रकारात चौथ्या आल्या. त्यांच्या प्रोदुनोव्हा उडीत हवेत दोन कोलांट्या असतात. पण त्या उडीचा पायासुद्धा जमिनीवरची साधी कोलांटीच!

मात्र कोलांटी चुकली तर सगळा भार मानेवर येतो. मानेच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो. त्याला इजा झाली तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून ही गोष्ट पोरांच्या पोरांनी न शिकता मोठ्यांनी शिकवावी.

जागा : पाचटाचा ढीग नको. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, देठाची कूस अंगात शिरते, खाली तोडलेले बुडखे असतात आणि साप-विंचूही असतो. पाचट सरीत कुजवावे, तीच त्याची जागा! फरशी किंवा कोबा तर मुळीच नको. तालमीतली उकरलेली लाल माती उत्तम. ती नसेल तर सपाट जमिनीवर दोन-तीन जाड गोधड्या घालाव्यात. गोधडी सरकता कामा नये. खताची वा औषधाची रिकामी पोती अंथरू नयेत.

वय : साधारण ५-६ वर्षांपासून शिकवावे. जेवण होऊन दोन तास झालेले असावेत. सुरुवातीला मान, खांदे, मनगटे सावकाश फिरवून मोकळी करून घ्यावीत.

पायऱ्या : बेणे तयार केल्याशिवाय आपण लागण करीत नाही. तसेच इथेही अंग आधी तयार करावे.

१) अस्वलचाल : हात व पाय टेकून, कंबर वर ठेवून १० पावले चालावे. यामुळे हातांवर भार घेण्याची सवय लागते.

२) झोपाळा : बसून गुडघे कवटाळावेत, हनुवटी छातीला लावावी आणि गोल पाठीवर मागे-पुढे झुलावे. पाठ फळीसारखी आपटत असेल तर पुढे जाऊ नये.

३) उतारावरची कोलांटी : गोधडीच्या एका टोकाखाली घड्या घालून वीतभर उंची द्यावी. उंच बाजूकडून खाली गेले की अंग आपोआप वळते आणि जोर कमी लागतो.

४) सपाटीवरची कोलांटी : चवड्यांवर उकिडवे बसावे. तळहात खांद्याइतक्या अंतरावर टेकावेत, बोटे पुढे. हनुवटी छातीला लावून स्वतःच्या बेंबीकडे पाहावे. कंबर वर उचलून पायाने हलका रेटा द्यावा. भार हातांवर राहावा आणि जमिनीला आधी खांद्यामागचा भाग टेकावा. टाळू टेकता कामा नये. अंग गोळा ठेवून पुन्हा पायांवर यावे.

हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरायला सांगावा. रुमाल पडला की समजावे, मान सुटली.

आधार : शिकविणाऱ्याने बाजूला गुडघ्यावर बसावे. एक हात मुलाच्या डोक्यामागे ठेवून डोके आत वळवावे, दुसरा मांडीखाली देऊन कंबर वर घ्यावी. मागून ढकलू नये, पाय धरून उलटवू नये. एका वेळी एकच मूल, बाकीची रांगेत. घाबरलेल्या मुलाची चेष्टा करू नये. त्याला परत झोपाळ्यावर आणावे. एका बैठकीत पाच-सहा कोलांट्या पुरेत. चक्कर आली तर थांबावे.

कोणी करू नये : मान किंवा डोके दुखत असेल, ताप असेल किंवा कान फुटला असेल, तर त्या दिवशी नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटी मारू देऊ नये.

इजा झाल्यास : मूल मानेवर पडले आणि मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात किंवा हातपाय हलत नाहीत असे म्हणाले, तर त्याला उचलू नका, बसवू नका, मान चोळू नका, ओढू नका. आहे तसेच पडू द्या. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ नंबरला फोन करा. "उठ, काही नाही झालं" म्हणून उभे केले तर थोडक्यावर निभावणारी इजा मोठी होऊ शकते.

ही माहिती घरात वाचून दाखवावी. फडात कोपी करून राहिलेल्या तोडणी कामगारांनाही सांगावी. त्यांची पोरेही आपलीच आहेत.

— ऊस विकास अधिकारी