संदर्भसूचीची शैली आणि संपादकीय कार्यालयाची लहर

संशोधनपर लेखाला जोडलेल्या संदर्भसूचीचे प्रयोजन एकच असते, ते म्हणजे लेखकाने ज्या आधारावर विधान केले तो आधार वाचकाला स्वतः शोधून तपासता यावा. आडनाव आधी की वर्ष आधी, स्वल्पविराम की पूर्णविराम, ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत की अवतरणचिन्हांत, हे सारे त्या प्रयोजनाच्या सोयीसाठी ठरलेले संकेत आहेत आणि संकेत असल्यामुळे ते वेळोवेळी बदलतात. एवढी उघड गोष्ट कागदावर मांडण्याची गरज पडू नये. परंतु प्रस्तुत लेखकाच्या एका लेखाचे एका मराठी संशोधन-नियतकालिकाच्या कार्यालयात जे झाले ते पाहता ती मांडणे भाग आहे, कारण त्या कार्यालयाशी गाठ पडणारे अभ्यासक पुढेही असणारच.

संदर्भ देण्याच्या पद्धती ढोबळमानाने तीन आहेत. लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरातच कंसात आडनाव व प्रकाशनवर्ष देऊन शेवटी अकारविल्हे सूची जोडतात. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या लेखाकडे तिचा उगम म्हणून बोट दाखवले जाते. तळटीप पद्धतीत आधाराचा सर्व तपशील त्या त्या पानाच्या तळाशी येतो आणि इतिहासलेखनात ती विशेष रूढ आहे. क्रमांक पद्धत वैद्यकाच्या नियतकालिकांत दिसते, आणि १९७८ साली व्हँकूव्हर येथे जमलेल्या संपादकांमुळे तिला त्या शहराचे नाव मिळाले. मराठी विद्यापीठीय वर्तुळात ज्या ‘एपीए’चा सतत उल्लेख होतो ती अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची नियमावली लेखक-वर्ष पद्धतीची आहे. १९२९ मध्ये ती सात पानांच्या एका लेखाच्या रूपाने अवतरली आणि २०१९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत तिचा चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ झाला.

उपर्युक्त नियतकालिकाच्या सूचनापत्रात ‘संदर्भ एपीए पद्धतीने द्यावेत’ एवढेच वाक्य होते. कोणत्या आवृत्तीप्रमाणे, याचा पत्ता नव्हता. लेख चालू आवृत्तीप्रमाणे सिद्ध करून पाठवला असता तो परत आला, आणि सोबतच्या शेऱ्यांत पहिलाच आक्षेप असा होता की एकाही ग्रंथाचे प्रकाशनस्थळ, म्हणजे ग्रंथ ज्या गावी प्रसिद्ध झाला त्याचे नाव, दिलेले नाही. वास्तविक २००९ च्या सहाव्या आवृत्तीत आवश्यक असलेले हे स्थळ सातव्या आवृत्तीने वगळले आहे. ही बाब पृष्ठांकासह आणि पुरेशा नम्रतेने कळवल्यावर ‘नियतकालिकाच्या पद्धतीत बदल होणार नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. लेखातील प्रतिपादनाविषयी, युक्तिवादाविषयी किंवा प्रथमच उजेडात आणलेल्या साधनांविषयी शेऱ्यांत एक अक्षरही नव्हते.

ज्या पद्धतीत बदल होणार नव्हता ती पद्धत कोणती, हे पाहण्यासाठी त्याच नियतकालिकाचा ताजा अंक समोर ठेवला, तेव्हा खरा प्रकार ध्यानात आला. एका लेखात आधीच्याच ग्रंथाचा पुन्हा निर्देश करणाऱ्या ‘तत्रैव’ने भरलेल्या तळटीपा होत्या, दुसऱ्यात प्रकाशनस्थळ नव्हते, तिसऱ्यात प्रकाशकच नव्हता, आणि संपादक मंडळातील एका सदस्याच्या लेखाला तर सूचीच जोडलेली नव्हती. पद्धत अस्तित्वातच नव्हती. होती ती आक्षेप काढण्याची मुभा, आणि ती कोणाच्या बाबतीत वापरायची याचा विवेक कार्यालयाने स्वतःकडे राखून ठेवला होता.

स्थळे भरून लेख पुन्हा पाठवल्यानंतर जे झाले ते अधिक गंभीर आहे, कारण मुद्रितशोधनाच्या प्रतीत कार्यालयाने परस्पर दुरुस्त्या केलेल्या आढळल्या. एकोणिसाव्या शतकातील एका मासिकाच्या माघ शके १७८९ च्या अंकाचा निर्देश सरसकट ७८ मिळवून ‘१८६७’ असा करण्यात आला. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे त्याचे शेवटचे महिने इसवी सनाच्या पुढच्या वर्षात पडतात आणि तेथे ७९ मिळवावे लागतात, म्हणजे हा अंक १८६८ चा ठरतो. ‘१८६७’ पाहून ग्रंथालयात गेलेल्या वाचकाला चुकीच्या वर्षाची फाइल मिळाली असती आणि दोष लेखकाच्या माथी आला असता. तसेच ‘कळ्यांचे निःश्वास’ या १९३३ च्या कथासंग्रहाची नोंद सूचीत ‘बेडेकर’ या नावाखाली हलवण्यात आली, मजकुरात मात्र ‘शिरूरकर १९३३’ तसेच राहिले. विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर हे साहित्याच्या अभ्यासकाला ठाऊक असते. पण मजकुरातील नाव सूचीत सापडलेच पाहिजे, हा लेखक-वर्ष पद्धतीचा कणाच या विद्वत्तेपायी मोडला. विचारणा केली असता उत्तर आले नाही, आणि अखेर लेख मागे घ्यावा लागला.

या अनुभवातून निघणारी पहिली सूचना अशी की लेख पाठवण्यापूर्वी पद्धतीचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि नमुन्यादाखल एक छापील लेख या तीन गोष्टी संपादकांकडून लेखी मागवाव्यात. दूरध्वनीवरील ‘चालेल हो’ या आश्वासनाला नंतर कोणी ओळख देत नाही.

दुसरे म्हणजे, पद्धत मागेल त्यापेक्षा अधिक तपशील ग्रंथ हातात असतानाच टिपून ठेवावा: मुखपृष्ठावरून नव्हे तर आतल्या शीर्षकपृष्ठावरून नाव, आवृत्ती, स्थळ, प्रकाशक, मुद्रणालय, वर्ष आणि पृष्ठे. आवृत्तीबाबत विशेष दक्षता घ्यावी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची व दुसरी, सुधारून वाढवलेली, १८५७ ची आहे. पहिलीचे वर्ष देऊन दुसरीचा पृष्ठांक दिल्यास वाचक भलत्याच पानावर पोहोचतो. शक व महिना मुळाप्रमाणे ठेवून इसवी सन चौकटी कंसात द्यावा. टोपणनावाची नोंद शीर्षकपृष्ठावरील नावाखाली करून मूळ नाव चौकटी कंसात जोडावे. ‘तत्रैव’ आणि ‘कित्ता’ मसुदा पूर्ण होईपर्यंत लिहूच नयेत, कारण मध्ये एक नवी टीप शिरली की ते दुसऱ्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतात.

झोटेरोसारखी संगणकीय साधने एकदा भरलेला तपशील हव्या त्या पद्धतीत मांडून देतात, आणि लहरी कार्यालयांच्या काळात ही मोठीच सोय आहे. मराठी सूचीपुरते मात्र त्यांच्यावर विसंबू नये. मांडणीची भाषा इंग्रजी राहिली तर ‘व इतर’ ऐवजी रोमन अक्षरे उमटतात, तर काही प्रणालींच्या अकारविल्ह्यात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वर्णमालेच्या अखेरीस न येता ‘क’ आणि ‘ज’ मध्ये मिसळतात.

साम्य-तपासणीचा अहवाल कोणी पुढे केल्यास त्यात संदर्भसूची मोजली गेली आहे का, हे प्रथम पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संदर्भ व ग्रंथसूची या तपासणीतून वगळायच्या असतात आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. याशिवाय वेळेत सुरुवात करावी, प्रती जपून ठेवाव्यात आणि संयम बाळगावा, हेही सांगितले पाहिजे, जरी संयमाचा उपयोग प्रस्तुत प्रकरणी झालेला दिसला नाही.

मागे घेतलेला लेख पुढे अन्यत्र, तळटीपांसह आणि शके १७८९ सह, एकाही आक्षेपाविना प्रसिद्ध झाला. संपादकांकडून अपेक्षा फार नाही: सूचनापत्रात आवृत्तीचा क्रमांक छापावा, ग्रंथ, लेख, जुने नियतकालिक, हस्तलिखित आणि संकेतस्थळ यांची एकेक नमुना-नोंद द्यावी, आणि लेखकाच्या नोंदीत केलेला प्रत्येक बदल त्याच्याकडून मान्य करून घेतल्याशिवाय अंक छपाईला पाठवू नये.