एमएच १२ ची गाडी दिल्लीच्या दारात

पुण्याची गाडी ट्रकवर चढवून गुरुग्रामला आणली की पहिले काही महिने कुणी विचारत नाही. मग नाक्यावर पहिला हवालदार हात दाखवतो आणि "महाराष्ट्र से?" म्हणत कागद मागतो. त्याच संध्याकाळी बहुतेक जण एजंट शोधायला लागतात. एजंट नंतर शोधा, आधी आरसी काढा.

काय करावे

आरसीवरच्या तीन गोष्टी वाचा: नोंदणीची तारीख, इंधन आणि उत्सर्जन मानक (बीएस-३, बीएस-४ वगैरे). दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेल गाडीला १० वर्षं आणि पेट्रोलला १५, ही मर्यादा हरित लवादाने घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. महाराष्ट्रात तुमच्या डिझेलची नोंदणी १५ वर्षांची असली तरी इथे तिचं आयुष्य पाच वर्षांनी कमी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने वयावरून कारवाई करायला मनाई केली. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. गंमत अशी की बीएस-४ सुरू झालं ते २०१० मध्ये एनसीआरसह १३ शहरांत. त्यात महाराष्ट्रातली तीन: मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकीच्या देशाला ते पुरतं लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडला. त्यामुळे २०१४ मध्ये पुण्यात घेतलेली गाडी बीएस-४, आणि त्याच वर्षी कोल्हापुरात घेतलेली बीएस-३ असू शकते. सोलापूरकरांनी याबाबतीत कॉलर ताठ करायला हरकत नाही.

राज्य नक्की करा. एनसीआर हे एक शहर नाही. द्वारकेतून गुरुग्रामला घर हलवलं की तुम्ही हरियाणात, मयूर विहारहून नोएडाला गेलात की उत्तर प्रदेशात. ऑफिस कुठे आहे ते सोडा. गाडी जिथे मुक्कामाला असते तिथलं आरटीओ तुमचं.

१२ महिने मोजा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार परराज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. गाडी कधी आली याचा पुरावा जपून ठेवा: ट्रकवाल्याचं बिल किंवा फास्टॅगचं स्टेटमेंट.

मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, पुणे सोडण्याआधीच मार्गी लावा. थकलेली ई-चलानं आधी भरा. कर्ज चालू असेल तर बँकेचं संमतीपत्र घ्या. फिटलं असेल तर फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. चासी नंबरचा पेन्सिलप्रिंट स्वतः काढलात तर उत्तम: बॉनेट उघडून नंबरावरची धूळ पुसायची, कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी घासायची. आकडे उमटेपर्यंत तीन-चार कागद वाया जातात. मे महिन्यात हे काम सकाळी सातलाच उरका.

नव्या आरटीओत फॉर्म २७ आणि तिथला रोड टॅक्स भरा. आधी इथे पैसे भरायचे, नवी आरसी हाती आली की महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागायचा. मूळ कर-पावती शोधून ठेवा. ऐनवेळी मिळत नाही ती हीच.

बदलीची नोकरी असेल तर बीएच मालिका बघा. सरकारी कर्मचाऱ्यांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतल्यांना ती मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा.

काय टाळावे

आठ-नऊ वर्षांच्या डिझेलवर इथे नव्याने कर भरू नका. ती महाराष्ट्रातच विका. तिथल्या गिऱ्हाइकाला तिची आणखी काही वर्षं मिळतील. करोल बागेतला व्यापारी हाच हिशेब तुमच्याआधी करून बसलेला असतो आणि भाव त्याप्रमाणेच सांगतो.

गाडी विकणार असाल तर मात्र गिऱ्हाईक ठरायच्या आत एनओसी काढू नका. तिच्यावर विशिष्ट आरटीओचं नाव असतं. गुरुग्रामच्या नावाने काढली आणि घेणारा गाझियाबादचा निघाला, तर ती रद्द करून पुन्हा पहिल्यापासून.

मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या कधीच देऊ नका. "साहब, बाकी हम कर लेंगे" हे वाक्य ऐकलं की पेन खिशात घाला. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी मधल्या मध्ये कितीही हातांतून गेली असली तरी. व्यापाऱ्याला विकत असाल तर तो अधिकृत आहे का ते विचारा आणि फॉर्म २९सी ऑनलाइन भरून घ्या. एप्रिल २०२३ पासून ही सोय आहे. त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

हिवाळ्यात जुन्या गाडीने दिल्लीची हद्द ओलांडायचं धाडस नको. धुरक्याचे निर्बंध लागले की पेट्रोल बीएस-३ आणि डिझेल बीएस-४ मोटारी बंद. डिसेंबर २०२५ मध्ये तर दिल्लीबाहेरच्या नंबरच्या, बीएस-६ पेक्षा जुन्या गाड्यांना प्रवेशच नाकारला होता. नियम दर हिवाळ्यात सरकतात; निघण्याआधी त्या दिवसाचा आदेश बघा.

विम्याचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो तुमचा आहे, गाडीचा नाही. कंपनीकडून पत्र घ्या, पुढच्या गाडीला लावा.

आणि काचेवरचा फास्टॅग विसरू नका. मी विसरलो होतो. गाडी विकून आठवडा झाला असेल. रात्री साडेअकराला फोन वाजला, सोनिपतच्या पुढच्या टोलवर माझ्या खात्यातून पैसे गेले होते. नवे मालक सहकुटुंब पराठे खायला निघाले असावेत.