माळरानावरील एक दिवस

वैशाख महिना होता. सोलापूरच्या एका शाळेतील मुले भल्या पहाटे गुरुजींबरोबर निघाली. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, बार्शीच्या रस्त्याला नान्नज हे गाव आहे. तेथील माळरानावर १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य स्थापन झाले. ते पायी हिंडून पाहण्याचा त्यांचा बेत होता.

वनरक्षक वाट दाखवू लागले. दृष्टी पोहोचेल तेथवर वाळलेले पिवळे गवत, मधूनच एखादी खुरटी बाभूळ आणि मुरमाड जमीन! एक मुलगा हिरमुसून म्हणाला, "गुरुजी, हे कसले अरण्य? येथे तर काहीच नाही!"

इतक्यात एक टिटवी आक्रोश करीत त्याच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली.

"थांब बाळ, पाऊल पुढे टाकू नकोस!" वनरक्षक ओरडले.

मुलगा जागच्या जागी खिळला. त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. त्यांचा रंग मातीसारखा, वर काळे ठिपके. त्यामुळे ती खड्यांत दिसतही नव्हती.

"ऊन चढले, की टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते," वनरक्षक म्हणाले. मुले हलकेच मागे सरली.

पुढे काळविटांचा कळप उड्या घेत गेला. पाणवठ्याजवळच्या चिखलात लांडग्याच्या पावलांचे ठसे उमटले होते. दुपारी बाभळीच्या सावलीत सर्वांनी भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी सोडली.

"गुरुजी, माळढोक कोठे आहे?" त्या मुलाने विचारले.

गुरुजी गंभीर झाले. "माळढोकाचा नर मीटरभर उंच असतो, वजन पंधरा किलोपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माणसांनी त्याची शिकार केली. माळ म्हणजे पडीक जमीन, असे समजून कोठे नांगर फिरवला, तर कोठे दाट झाडे लावली. शिवाय उडताना त्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत. त्यांवर आदळून तो मरतो. आता तो येथे क्वचितच दृष्टीस पडतो. उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. तेथे जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविली जात आहेत."

मुलगा क्षणभर स्तब्ध राहिला. मग हळूच म्हणाला, "सकाळी मी जे म्हणालो, तेच लोकही म्हणाले असतील; नाही का, गुरुजी?"

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ऊन उतरल्यावर मुले परत फिरली. पुन्हा टिटवीचा आवाज कानी आला. तेव्हा त्या मुलाने दोन्ही हात पसरून सर्वांना थांबविले आणि लांबच्या वळणाने पुढे नेले.

स्वाध्याय
१. टिटवीची अंडी मुलाला का दिसली नाहीत?
२. माळढोक पक्षी कोणकोणत्या कारणांनी कमी झाले?
३. मुलाने परतताना लांबची वाट का धरली?