शिक्षक फिरता, मूल आपल्याच शाळेत

ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, असं मूल एका गावात एखादंच असतं. त्या एकासाठी शाळेला स्वतंत्र विशेष शिक्षक मिळत नाही. अशा बधिरांध मुलांसाठी १९७७पासून काम करणारी हेलन केलर संस्था आहे मुंबईत; सिल्लोड-सोयगावच्या शेतकऱ्याने लेकरू तिकडे ठेवायचं कसं? म्हणून जवळच्या चार-पाच शाळांनी एक विशेष शिक्षक वाटून घ्यावा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळासमूहांसाठी विशेष शिक्षक सांगितले आहेत.

पुढाकार मुख्याध्यापकांनी घ्यावा. केंद्रप्रमुखांकडून यूडायसमधली दिव्यांग मुलांची यादी मागवा, पण तिच्यावर विसंबू नका. शाळेत कधीच न आलेली मुलं आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना ठाऊक असतात. त्यांना सोबत घेऊन घरी जा.

मग दिव्यांग ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात तपासणी करून घ्या, डोळ्यांची आणि कानांची दोन्ही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्वाचा उल्लेख बहुविकलांगतेत आहे. कार्ड येईपर्यंत प्रवेश मात्र अडवू नका.

या चार-पाच शाळांच्या पहिल्याच बैठकीत ठरवा, की मुलाचं नाव त्याच्या गावच्याच पटावर राहील. इथे तडजोड नको. नंतर गट साधन केंद्राकडून विशेष शिक्षकाचे वार ठरवून घ्या. वर्षाच्या मधे शिक्षक बदलू देऊ नका. हे मूल माणूस ओळखतं ते स्पर्शाने.

वर्गातलं काम असं: शिक्षकाने रोज तेच कडं घालावं, आल्यावर मुलाचा हात त्यावर ठेवावा. जेवणाआधी ताटली, बाहेर जाण्याआधी चप्पल हाती द्यावी, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला कळतं. त्याचा हात धरून ओढू नये. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवून वस्तू दाखवावी. पुष्कळ मुलांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं, ते आधी हेरावं आणि वापरावं. या सगळ्या खुणा वर्गशिक्षकाने आणि आईने शिकल्याच पाहिजेत. विशेष शिक्षक दुसऱ्या शाळेत असतो तेव्हा शिक्षण त्यांच्याच हातांनी चालतं.

महिन्यातून एकदा सगळी मुलं पालकांसह गट साधन केंद्रात एकत्र आणा. समग्र शिक्षा योजनेतल्या प्रवास आणि मदतनीस भत्त्याची मागणी वेळेत करा. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी प्रस्ताव द्या आणि पोच घ्या.